पाण्याच्या वळणावरची बाई

अनसूया गेल्याचं मला कळलं तेव्हा गिरणी चालू होती. मी नाचणी दळत होतो. पोलीसपाटील दारात उभे राहून काहीतरी बोलले, पण पट्ट्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनीच आत येऊन खटका बंद केला. माझ्या गिरणीचा खटका माझ्याशिवाय कोणी बंद करत नसे, म्हणून मला आधी रागच आला.

"विश्राम, वहिनी कुठे आहेत?"

"वर, भोगावला. भावाकडे."

"कालच यायच्या होत्या ना?"

"यायची होती. राहिली असेल. नागपंचमीला एकदा गेली की भाऊ सोडतोय कुठे तिला!"

पाटलांनी टोपी काढली. "पायात चपला घाल," म्हणाले, "घाटात जायचंय."

तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता, भोगावलाही नव्हता. आदल्या संध्याकाळी एसटी आली नाही तेव्हा मी ती माहेरीच राहिली असं धरून चाललो. भावावर जरा चिडलोसुद्धा होतो. आमच्या घरात माझ्यापेक्षा तिच्या भावाचीच चौकशी जास्त व्हायची. त्या चिडीतच जेवलो आणि झोपलो.

खडपी घाटात पाण्याचं वळण म्हणून एक वळण आहे. तिथे कड्यातून बारमाही पाणी ठिबकतं. जुन्या काळी लोक पायी यायचे ती पाखाडीही तिथूनच खाली सुटते आणि थेट आमच्या तळेवाडीत, गिरणीमागे उतरते. त्या पाखाडीच्या तोंडाशी, खाली कारवीच्या जाळीत ती होती. लाकडं आणायला गेलेल्या बायांना दिसली. अंगावर हळदीसारख्या पिवळ्या रंगाची साडी होती. ती साडी मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. भावाने सणाची घेतलेली, नवी.

डॉक्टर म्हणाले, "पडल्या पडल्या नाही गेल्या. पहाटे कधीतरी गेल्या असाव्यात." पोलिसांनी लिहिलं, एसटी न मिळाल्याने पायी येताना पाखाडीवर पाय घसरून. तिची पिशवी सापडली नाही. दरीत गेली असेल म्हणाले. अहेव गेली म्हणून बायकांनी तिची ओटी भरली, हिरवा चुडा भरला. मी अंगणात उभा राहून नुसता बघत होतो.

पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या. घाटात पडून महिलेचा मृत्यू. नावसुद्धा चुकलं होतं, अनसूयाचं अनुसया केलं होतं.

दिवसकार्य उरकल्यावर मी गिरणी उघडली. करणार काय दुसरं? एके दिवशी दळणाला आलेल्या बायका पेपर बघत उभ्या होत्या. मी समोर आलो तशी त्यांनी पेपराची घडी घातली. मी हात पुढे केला. पहिलंच पान होतं, वर मोठी चौकट.

"घाटातील 'ती' पुन्हा दिसली! वाहनचालकांत घबराट," असं शीर्षक. खाली लिहिलं होतं, "खडपी घाटातील पाण्याच्या वळणावर पिवळ्या साडीतील महिलेने नुकतेच पुन्हा एका पिकअप चालकास दर्शन दिल्याची चर्चा आहे. हातात लिंबू घेतलेली ही महिला भोगाव येथून गाडीत बसली. तिने चालकाशी हसतखेळत गप्पा मारल्या. पाण्याच्या वळणावर ती उतरली व चालकाने आरशात पाहिले असता रस्त्यावर कोणीही नव्हते."

"मेल्यांना काही कामधंदा नाही," एक बाई म्हणाली. "भाऊ, तुम्ही मनावर घेऊ नका."

मी घेतलं. भुताखेतावर माझा कधी विश्वास नव्हता, पण त्या लिंबावर बसला. अनसूयेला घाट लागायचा. वळणं सुरू झाली की ती पोलक्यातून लिंबू काढायची, नाकाशी धरायची आणि डोळे मिटायची ते खाली येईपर्यंत. मी शेजारी असलो आणि काही बोललो तर मान हलवायची, गप्प राहा म्हणून. इतक्या वर्षांत घाटात ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

आणि आता दुसऱ्याच्या गाडीत बसून हसतखेळत गप्पा.

हे वाचून कोणाला हसू येईल. मेलेल्या बायकोवर कोणी असं जळतं का? मी जळलो. ती दिसते हे मला खरं वाटलं, आणि ती मला सोडून त्याला दिसते हे सहन झालं नाही. ती साडी नेसून चालती-बोलती मी तिला पाहिलीच नव्हती. त्याने पाहिली होती. मला तो माणूस हवा होता. त्याला विचारायचं होतं, काय बोलली? कशाला हसली?

बातमी चंदू कारेकरची होती. चंदूचा बाजारात फोटो स्टुडिओ, आणि 'दैनिक सह्यकिनारा'चा तोच वार्ताहर. लग्न, बारसं, अपघात, सगळ्याला तोच. मी गेलो तेव्हा एका पोराचा ओळखपत्राचा फोटो काढत होता.

"ये विश्रामकाका, बस. वाईट झालं काकींचं. मीच दिली ती बातमी."

"दोन ओळींची."

"जागा तेवढीच मिळाली हो."

"आणि ही?" मी पेपर पुढे केला.

चंदू पोराला जायला सांगून माझ्याजवळ आला. "काका, आईशपथ, काकींचा याच्याशी संबंध नाही. ही बाई जुनी आहे. शिमग्याला मी पहिली बातमी दिली होती तिची. तुम्ही वाचली नाही? दोन पेपरांनी उचलली, चॅनेलवाले येऊन गेले."

"पिवळ्या साडीवाली?"

तो जरा हसला. "घाटातल्या ड्रायव्हरांची गोष्ट आहे ती, सगळ्याच घाटांत असते. बाई हात करते, बसते, वळणावर उतरते, आरशात बघावं तर नाही. पण पांढरी साडी कोण वाचणार? पांढरी सगळ्या घाटांत आहे. म्हणून मी पिवळी केली. वळणाचं नाव घातलं. मग ती आपल्या घाटाची झाली."

"म्हणजे खोटं."

"खोटं कसं? 'चर्चा आहे' लिहिलंय ना. आणि छापून आल्यावर चर्चा झालीच की."

"लिंबूपण तूच घातलंस?"

"नाही," चंदू म्हणाला. "लिंबू माझं नाही. वरच्या टपरीवर ऐकलं. त्या ड्रायव्हरनेच सांगितलं म्हणे. मलासुद्धा आवडलं ते, खरं वाटतं."

"कोण ड्रायव्हर?"

"ते मी विचारत नाही, काका. नाव विचारलं की माणूस बोलायचा थांबतो."

त्यानंतर मी दुपारी गिरणी बंद करून वळणावर जाऊन बसू लागलो. मला वाटायचं, सगळ्यांना दिसते तर मला का नाही? मी हातात लिंबू घेऊन जायचो. तिला ओळख पटावी म्हणून. धुकं यायचं, जायचं. गाड्या वळण घेताना हॉर्न द्यायच्या. ती आली नाही.

गाडीवाले मात्र यायचे. बातमीनंतर त्यांनी तिथे एक दगड उभा केला होता, त्याला हळदकुंकू लावलं होतं. चढणारा-उतरणारा प्रत्येक जण तिथे काही ना काही ठेवायचा. खणाचे तुकडे, फणी, बांगड्या. एक ट्रकवाला माझ्यासमोर उतरला आणि काचेच्या बांगड्या दगडावर ठेवू लागला.

"कोणाला रे?"

"बाईला. सुखरूप नेते म्हणतात."

"परक्या बाईला बांगड्या चढवतोस? घरी सांगितलंयस?"

"मामा, परकी कसली? आता सगळ्यांचीच ती."

मी उठलो. "ती माझी बायको आहे. आणि तिला सव्वादोनच्या बांगड्या होतात. या अडीचच्या आहेत. तिच्या हातातून गळून पडतील."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बांगड्या तशाच ठेवून गाडीत जाऊन बसला. जाताना वाकून म्हणाला, "मामा, घरी जा. धुकं वाढतंय." चांगला माणूस असावा. मी त्याच्या बांगड्या उचलून दरीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिथे आणखी होत्या.

शेवटी मी वरची टपरी गाठली. भोगावच्या नाक्यावर ताराक्काची टपरी आहे. चहा देता देता तीच गाडीवाल्यांना बाईची गोष्ट सांगत होती.

"ताराक्का, लिंबाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पंपावरच्या पोरानं."

"त्याला?"

"त्याला अंडीवाल्यानं. का हो?"

"ती ज्याच्या गाडीत बसली तो माणूस पाहिजे."

"तसं बघाय गेलं तर हितं येणाऱ्या निम्म्यांच्या गाडीत बसली ती," ताराक्का हसत म्हणाली. "कालच एक जण सांगत हुता, माझ्याकडनं तंबाखू मागितली म्हणून."

"ती तंबाखू खात नाही," मी म्हणालो.

ताराक्काचं हसू थांबलं. तिने मला बाकड्यावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "तुम्ही कोण तिचे?"

मी सांगितलं. तिने स्टोव्ह बारीक केला. मग म्हणाली, "भाऊ, जे बघितलं बघितलं म्हणून सांगत्यात, ते रोज ह्याच घाटानं जात्यात. भ्यायल्यालं एक बी न्हाई. ज्यानं खरंच बघितलं आसंल त्यो हिकडं फिरकंल का? चिखलीचा आनंदा चौगुले, भाजीची पिकअप हाय त्याची. आठवड्यातनं चार खेपा करायचा, माझ्याकडंच चहा प्यायचा. नागपंचमीपास्नं दिसला न्हाई. लांबच्या घाटानं जातोय म्हणं."

चिखली लांब नव्हती. आनंदा चौगुले दारातच होता, म्हशीला पाणी दाखवत होता. तिशीचा, दांडगा, दिसायला बरा. मला ते आवडलं नाही. मनात मी त्याला तसाच पाहिला होता.

"आनंदा चौगुले तुम्हीच?"

"व्हय. भाजीचं आसंल तर सांजच्याला या."

"पाण्याच्या वळणावरच्या बाईचं आहे."

त्याने बादली खाली ठेवली. "म्या त्यातलं काय बोलत न्हाई. एकदा अंडीवाल्याला बोललो तर पेपरात आलं. पेपरवाले का तुमी?"

"मी तिचा नवरा."

त्याने पहिल्यांदा माझ्या पायांकडे बघितलं. पावलं सरळ आहेत ना ते. मग तोंडाकडे.

"चेष्टा करू नगा, पावणं."

"लिंबू ती उजव्या हातात धरते. डोळे मिटते. खिडकी मागते."

"डोळं न्हाई मिटलं," तो हळू आवाजात म्हणाला. "मिटाय लागल्या हुत्या. म्या म्हणलं, मावशी, डोळं मिटल्यावर जास्त मळमळतंय, लांब बघा आन् बोलत ऱ्हावा. मग बोलत बसल्या."

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

"काय बोलली?"

"तुमचंच की. म्हणल्या, आमच्या मालकास्नी सांगावं लागंल आता, पिकअप कुणाची, चालवणारा केवढा, बाजूला कोण हुतं. म्हणल्या, इष्टीतनं आले तरी इचारत्यात, शेजारी कोण बसलं हुतं. आन् हसाय लागल्या."

"वाईट वाटून?"

"न्हाई वो. कौतुकानं हसत्यात तसं." त्याने म्हशीचं दावं आवळलं. "पावणं, मेलेलं माणूस आसं बोलतंय व्हय? मला कळंना झालतं. पर आरशात बघितलं तर न्हाई! पेपरात आलतं तसंच सगळं. पिवळी साडी. पाण्याचं वळाण."

"नीट सांगा. उतरली कशाला?"

"मळमळाय लागलं. पाण्याचं वळाण आलं तसं म्हणल्या, थांबवा. मी जरा तोंड धुते आन् हितनं पाखाडीनं चालत जाते, घर समोरच हाय. पिशवी जड हाय, तेवढी खाली गिरणीत द्या. उतरल्या. म्या गाडी काढली. धुकं हुतं. जरा पुढं जाऊन आरशात बघितलं, रस्ता मोकळा. एवढ्या येळात माणूस जाईल कुठं? आन् मग साडी ध्यानात आली. आमच्यात सांगत्यात, तसं काय दिसलं तर मागं वळून बघायचं न्हाई, हाक आली तरी थांबायचं न्हाई, म्हसोबापतोर सरळ जायचं आन् तिनं दिलेली वस्तू तिथंच सोडायची."

"हाक आली होती?"

त्याने बादली म्हशीपुढे सरकवली. म्हैस पाणी पिऊन बाजूला झाली.

"आनंदा, कुठला दिवस होता?"

"नागपंचमीचा दुसरा. दुपार टळल्यावर, इष्टी आली न्हवती."

त्याने दिवस सांगितला आणि पुढचं मला सांगावं लागणार नाही असं वाटलं होतं, पण त्याला कळलं नव्हतं. त्याला कसं कळणार? दोन ओळींची बातमी त्याच्या गावात कोणी वाचलीच नसणार, त्यांच्याकडे चौकट तेवढी पोचली होती. मला वाटत होतं की ती गेल्यानंतर त्याला दिसली. पेपरात 'नुकतेच' लिहिलं होतं. नुकतेच म्हणजे कधी, ते मी चंदूला विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "त्या दुपारी ती जिवंत होती."

"कोण?"

"तुझ्या गाडीतली. माझी बायको. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, पाखाडीच्या तोंडाशी. रात्रभर होती म्हणाले डॉक्टर."

तो खाली बसला, म्हशीच्या पाण्याच्या चिखलातच. घरातून त्याची बायको बाहेर आली, काय झालं म्हणून. त्याने तिला हाताने आत जायला सांगितलं. मग म्हणाला, "हाक आलती. 'अवो' म्हणून. म्या काचा वर केल्या."

मी त्याला मारायला हात उचलला होता, ते मला आठवतं. पण मारलं नाही. तो चिखलात बसला होता आणि मला अजून एक विचारायचं होतं.

"पिशवी देताना काही म्हणाली?"

"म्हणल्या, गिरणीत सांगा, गूळ पाठवते, चहाचं आधण ठेवा, मी येतेच."

परतताना मी म्हसोबाशी उतरलो. घाटाच्या पायथ्याचं हे ठाणं आमच्या गावातच आहे, मी रोज तिथून जातो-येतो. उंबराच्या फांद्यांना लोकांनी सोडलेल्या वस्तू टांगलेल्या असतात. बाधेची वस्तू म्हणून त्याकडे कोणी बघत नाही, मीही बघत नसे. मधल्या फांदीला माझ्या जुन्या पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्याची पिशवी टांगलेली होती. अनसूयेनेच शिवलेली. पावसाने गूळ विरघळून गेला होता. कापड कडक झालं होतं आणि मुंग्या लागल्या होत्या.

ती पिशवी घेऊन मी चंदूकडे गेलो. सगळं सांगितलं. चंदू पांढराफटक पडला. त्याने घोटभर पाणी घेतलं, मला दिलं. मग म्हणाला, "काका, हे छापता येणार नाही."

"का?"

"काय लिहू? भूत नव्हतं, बाई होती? साडी मी रंगवली होती?" त्याने पिशवी माझ्याकडे सरकवली. "आणि लिहून दिलं तरी वर कोण घेईल? नसलेलं भूत ही बातमी होत नाही, काका."

"मग 'चर्चा आहे' असं लिही."

त्याने वही मिटली. लिहिलं नाही. पोलीस म्हणाले, पाय घसरूनच पडल्या ना, मग कागद का बदलायचा? आनंदा आपणहून जबाब द्यायला आला होता. त्याला चहा पाजून परत पाठवला.

याला आता खूप वर्षं झाली. पाण्याच्या वळणावर दगडाचं देऊळ झालं आहे, वर पत्रे आहेत. बाईला पिवळीच साडी नेसवतात. मध्ये एकदा मोबाइलवर तिची गोष्ट आली. माझ्याच गिरणीत एका पोराने मला ती वाचून दाखवली. लिंबू होतं, हसणं होतं. गूळ नव्हता. तेवढा माझ्याकडे राहिला म्हणून मला बरं वाटलं.

तरी आनंदावर मी अजून जळतो. त्याने काच वर केली म्हणून मी त्याच्यावर जळतो असं लोकांना वाटतं, जे मोजके जाणतात त्यांना. तसं नाही. भ्यालेल्या माणसाचं काय घेऊन बसायचं? त्याने तिला सांगितलं, डोळे उघडे ठेव आणि बोलत राहा, आणि ती बोलली. घाट उतरताना ती कशी बोलायची ते त्याला ठाऊक आहे, मला नाही.

दरवर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आनंदा चौगुले येतो. आता त्याचे केस पिकलेत, पिकअप मुलगा चालवतो. तो गुळाची ढेप गिरणीच्या ओट्यावर ठेवतो आणि पायरीखाली उभा राहतो. मी गिरणी बंद करतो. आम्ही बोलत नाही. थोड्या वेळाने तो "येतो, पावणं" म्हणतो आणि जातो. मी ढेप उचलून आत नेतो.

त्याचा जबाब अजून कोणी लिहून घेतलेला नाही. आणि मी त्याला अजून चहा विचारलेला नाही.